साखळीच्या या टोकाला

कुत्रा सांभाळायचा म्हणजे दोन वेळा खायला घालायचं आणि फिरवून आणायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. मला काम देणाऱ्यांपैकी काहींचीही तशीच होती. खाणं आणि फिरणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असा, की घरातली माणसं एका सकाळी बॅगा घेऊन निघून जातात आणि ती परत येणार आहेत हे कुत्र्याला सांगण्याची कुठलीच सोय नसते. पुढचे काही दिवस तो दाराकडे तोंड करून बसतो. रस्त्यावर गाडी थांबली की उठतो, पुन्हा बसतो. खाणं पुढे ठेवलं तर वास घेऊन बाजूला होतो. अशा वेळी फार लाड करून उपयोग नसतो, दटावून तर मुळीच नसतो. वेळ पाळायची. दार रोज त्याच वेळी उघडायचं, वाडगं रोज त्याच कोपऱ्यात ठेवायचं, फिरायला रोज त्याच वाटेने न्यायचं. हळूहळू त्या नेमावर त्याचा विश्वास बसतो आणि एका दुपारी तो दाराकडे पाठ करून निवांत झोपतो. माझं काम तिथून पुढे सुरू होतं.

बँकेतली नोकरी संपल्यावर मी या कामाला लागले. पुण्यात शेजारच्या घरातलं कुत्रं सांभाळलं, मग त्यांच्या ओळखीतलं, मग त्या ओळखीच्या ओळखीतलं. कुत्र्यांना ठेवून घेणारी ठिकाणं शहरात आता बरीच झाली आहेत आणि तरुण, मिळूनमिसळून राहणारं कुत्रं तिथे रमतंही. म्हातारं कुत्रं रमत नाही. त्याला आपली जागा, आपली सतरंजी, आपल्या भिंतींचे वास लागतात. म्हणून मी कुत्र्याला माझ्याकडे आणत नाही, त्याच्या घरी जाऊन राहते आणि दिवसाप्रमाणे पैसे घेते. नात्यातल्या काहींना हे काम माझ्या वयाला आणि शिक्षणाला शोभत नाही असं वाटलं. मला तसं कधी वाटलं नाही. बँकेत लोकांचे पैसे जपले, इथे लोकांचा जीव जपते. जबाबदारी इथे जास्त आहे.

या कामानेच मला उजनीच्या काठावर नेलं. भिगवणच्या पुढे कुंभारगावच्या बाजूला एका जोडप्याने निवृत्तीनंतर घर बांधलं आहे. मागे उसाचं रान, पुढे पाणी. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तिच्या बाळंतपणाला जायचं ठरलं तेव्हा त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता, सोन्या आणि तारा या त्यांच्या दोन कुत्र्यांचं काय. त्या घरच्या वहिनींनी मला एक वही करून दिली होती. कोणाचं औषध किती वाजता, रेबीजची लस कधी दिली, गोचिडांचं औषध पुन्हा कधी घालायचं, बारामतीच्या डॉक्टरांचा नंबर कुठला, सगळं स्वच्छ अक्षरात. मी आणखी एक पान लिहून घेतलं, कोणाला कशाची भीती वाटते त्याचं. हे पान मी प्रत्येक घरी लिहून घेते आणि तेच सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. ताराच्या पानावर होतं : उसाचे ट्रॅक्टर. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून कारखान्याकडे निघतात. तो आवाज लांबून येऊ लागला की तारा पलंगाखाली जाई. वहीत ते लिहिलेलं नसतं तर तिला काय झालंय हे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला असता.

सोन्या लॅब्राडोर. वय झालेलं, तोंडाभोवतीचे केस पांढरे, मागच्या पायांचे सांधे दुखणारे. तारा कारवान जातीची. पाठ धनुकलीसारखी वाकलेली, छाती खोल, पोट आत, पाय लांब. सोलापूर, सांगली, विजापूर या पट्ट्यात ही कुत्री पूर्वीपासून सशामागे धावण्यासाठी पाळत आले आहेत. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तिला नाव मिळवून दिलं, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. डाक खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजपालयम यांच्याबरोबर मुधोळ होता. ते तिकीट त्या घराच्या भिंतीवर काचेत लावलेलं आहे. तारा परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाही. हा तिच्या जातीचाच स्वभाव आहे आणि तो मानला पाहिजे. पहिले काही दिवस मी तिच्याकडे बघतसुद्धा नसे. खाणं ठेवून बाजूला जाई. एकदा मी ओट्याशी उभी असताना ती मागून येऊन माझ्या गुडघ्याला नाक लावून गेली. मी वळले नाही. पुढे तिने आपणहून डोकं पुढे केलं, तेव्हाच हात लावला.

दोघांची जात सांगण्याचं कारण आहे. तळ्याकाठी आल्यावर कुत्रं कसं वागेल हे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामावर ठरतं. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर असत. थंड पाण्यात उतरून दोर आणायचे, जाळ्यातून निसटलेले मासे पकडायचे. बोटांमधला पडदा आणि पाणी न धरणारे दाट केस त्यांना तिथूनच मिळाले. सोन्याने आयुष्यात न्यूफाउंडलंड पाहिलेलं नाही, पण पाणी दिसलं की त्याच्या दुखऱ्या पायांत बळ येई. तारा पाण्याकडे बघतही नसे. तिची नजर पाण्यापलीकडे, जे हलतंय त्यावर. शिकारी कुत्र्यांच्या बहुतेक जाती वास घेत धावतात, ही नजरेने धावते. शंभर पावलांवर टिटवीने पंख उघडला तरी ती ताठ व्हायची आणि साखळीतून तो ताण माझ्या मनगटात यायचा.

उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी अडलं आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांमधली गावं पाण्याखाली गेली. जलाशयाचं कागदोपत्री नाव यशवंतसागर, काठावरचे लोक पाणफुगवटा म्हणतात. पूर्ण भरला की त्यात 117 टीएमसी पाणी असतं. त्या घराची बाग बघायला येणारे मामा पाण्याकडे बोट करून आपलं जुनं गाव दाखवत. तिथे मला फक्त पाणी दिसे. त्यांना मात्र वेशीचा रस्ता कुठे वळायचा तेही आठवत होतं. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी फार खाली गेलं की उघडं पडतं, बाकीच्या गावांचं तेवढंही दिसत नाही. पुण्याची मुळा-मुठा शेवटी याच पाण्यात येते आणि शहराची घाणही बरोबर आणते. हिवाळ्यात काठ सुंदर दिसतो म्हणून हे विसरायचं कारण नाही. मी सोन्याला हिरवट साय धरलेल्या कोपऱ्यात कधीच उतरू दिलं नाही. तसलं शेवाळ विषारी असू शकतं आणि कुत्रं पोहून आल्यावर अंग चाटतं.

पौषात तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आम्ही त्याच्या थोडं आधी निघायचो. रात्रीत हवा भराभर गार होते, पाणी तेवढ्या लवकर होत नाही. पाण्यावरची ऊबदार वाफ गार हवेत येते, तिचे बारीक थेंब होतात आणि धुकं होतं. ते जमिनीवर नसतं, फक्त पाण्यावर असतं, आणि काठावर उभं राहिलं की त्याची कड स्पष्ट दिसते. त्या धुक्यात पहिल्यांदा पक्षी दिसत नाहीत, ऐकू येतात. चक्रवाकाचा नाकातून निघणारा आवाज सगळ्यांत लांब जातो. मग वारकऱ्यांची कुरकुर. पाण्यात टिबुकली बुडी मारते तो बारीकसा आवाज. बेशरमीच्या झुडपांतून जांभळी पाणकोंबडी. सोन्या हे काही ऐकत नसे, तो जमीन वाचत असे. दंव पडलेल्या गवताच्या एका पुंजक्याशी तो इतका वेळ थांबे, की पूर्वी मी चालत राहिले असते. त्या घरी मला तशी सोय नव्हती. दुखऱ्या सांध्यांच्या कुत्र्याला ओढत नेता येत नाही. तो थांबला की थांबायचं.

थांबावं लागलं म्हणून मला पक्षी दिसायला लागले. आधी मीही पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांसारखी रोहित बघायला म्हणूनच भिगवणला आले होते. होडीत बसायचं, गुलाबी पक्षी बघायचे, मासे खायचे आणि संध्याकाळी परत. रोहितांचं गणित मामांनी मला समजावलं. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातलं बारीक शेवाळ, किडे, कोळंबीसारखे जीव खातात. धरण काठोकाठ असेल तर त्यांना उभं राहायलाच जागा नसते. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी ते उशिरा येतात, पाणी उतरेल तसे वाढत जातात आणि पार उन्हाळ्यापर्यंत राहतात. डिसेंबरात रोहित दिसले नाहीत म्हणून नाराज होऊन जाणारे लोक मी पाहिले. त्यांच्या समोरच थापट्यांचा थवा पसरट चोची पाण्याला लावून गोल फिरत होता, तलवार बदकं शेपटी वर करून बुडत होती, आणि एका वाळक्या बाभळीवर कैकर बसला होता. चिलापी धरून उडताना कैकर मासा नेहमी तोंड पुढे करून धरतो, म्हणजे वारा कमी लागतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. सोन्या एका खेकड्याच्या बिळाशी थांबला असताना ते डोक्यावरून जाताना पाहिलं.

आणि पट्टकदंब. डोकं पांढरं, त्यावर मागे दोन काळे पट्टे, अंग राखाडी, चोच पिवळी. मंगोलिया, तिबेट, लडाख इथल्या थंड तळ्यांवर ते पिल्लं काढतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतात. त्यांच्या पाठीवर यंत्र लावून केलेल्या नोंदींत 7,000 मीटरहून जास्त उंचीवरचं उड्डाण मिळालं आहे. तिथे हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. उजनीवर ते दिवसा काठावर थव्याने बसतात. काही झोपतात, एकदोन माना वर करून राखण करतात. अंधार पडू लागला की उठतात आणि हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात चरायला जातात. घराच्या गच्चीवरून त्यांच्या रांगा जाताना ऐकू यायच्या. तारा त्या वेळी अंगणात उभी राहून वर बघायची. तिच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती, तरी तिने एकदाही त्यांच्यावर भुंकून दाखवलं नाही. शेतकऱ्यांना हे पक्षी आवडत नाहीत, हेही सांगायला हवं. कोवळा हरभरा खुडून नेलेला पाहिल्यावर त्यांच्याकडे पाहुणा म्हणून बघणं अवघडच आहे.

या पक्ष्यांमुळे माझ्या कामाला एक नवं कलम जोडलं गेलं. वहीत ते नव्हतं. पहिल्याच आठवड्यात जाळं घेऊन निघालेल्या एका मावशींनी मला हाक मारली, "ताई, तेवढं कुत्रं धरून ठिवा. पाखरं उठत्याल. ती उठली की लई लांब जात्यात, आन मग दिसभर बसत न्हाईत." त्यांचं मासेमारीचं काम पक्ष्यांवर अवलंबून नाही, पण त्यांचा मुलगा थंडीत पाहुण्यांसाठी होडी चालवतो. पक्षी उठले की त्याचा दिवस जातो. एवढ्या साध्या बोलण्यातून मला जे कळलं ते मी पुढे रोज पडताळत गेले.

पक्ष्यांच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे कोल्हा किंवा लांडगा. माणूस दोनशे पावलांवर उभा राहिला तर चालतो, कुत्रा त्याहून दूर असला तरी थवा अस्वस्थ होतो. उडण्याआधी ते सांगतात. आधी खाणं थांबतं. मग एकेक मान वर येते. मग सगळी डोकी एकाच दिशेला वळतात. मग ते शांतपणे पाण्याकडे चालू लागतात आणि त्यानंतर उडतात. चक्रवाक सगळ्यांत आधी ओरडतो आणि त्याच्या आवाजावर बाकीचे भरवसा ठेवतात. मी पहिल्या मानेशी थांबायला शिकले. तारा ताठ झाली, की तिच्या नजरेच्या रेषेत बघायचं. पक्ष्याने मान वर केली असेल तर तिथूनच वळायचं. एका टोकाला तिची नजर आणि दुसऱ्या टोकाला माझा हात, यामुळे मला थवा कुठे बसला आहे हे दुर्बिणीशिवाय कळायला लागलं. ती माझ्या आधी बघायची आणि मी तिच्या आधी थांबायची.

उठलेल्या थव्याचं नेमकं काय बिघडतं, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उडतात, पुन्हा बसतात, त्यात काय? त्यात असं, की हे पक्षी इकडे उतरतात ते अंगात चरबी साठवण्यासाठी. परतीच्या प्रवासात त्याच चरबीवर त्यांना डोंगर ओलांडायचा असतो आणि पोहोचल्यावर लगेच अंडी घालायची असतात. मोठ्या जड पक्ष्याला जमिनीवरून उठण्यातच सगळ्यांत जास्त बळ लागतं. दिवसातून चार वेळा उठावं लागलं तर खाल्लेलं तिथेच खर्ची पडतं. काठावर वाळू-खडीत घरटी करणाऱ्या नदी सुरयांचं नुकसान तर आणखी सरळ आहे. त्यांची अंडी जमिनीवर उघडी असतात, मोकाट कुत्री ती खातात.

शनिवार-रविवारी शहरातून माणसं येत. त्यांच्याबरोबर आता कुत्रीही येतात आणि मला त्याचं बरं वाटतं, कारण कुत्र्याला सोडून सहलीला जाण्यापेक्षा त्याला आणणं केव्हाही चांगलं. पण गाडीचं दार उघडलं की साखळी काढायची, ही सवय फार वाईट आहे. एका सकाळी एक तरुण हस्की आणि एक गोल्डन रिट्रीव्हर सरळ चिखलात धावले. पट्टकदंबांचा अख्खा काठ उठला. मालक मंडळी मोबाइलवर ते चित्रित करत होती आणि खूश होती. मी तिथे जाऊन सांगितलं. एका मुलीने ऐकून घेतलं, कुत्र्याला बोलावलं. बाकीच्यांना ते पटलं नाही. "तो फक्त खेळतोय," असं ते म्हणाले. तो खेळतच होता, यात शंका नाही. हस्की चिखलात पोटापर्यंत रुतला आणि त्याला दोघांनी ओढून काढलं तेव्हा खेळ संपला. पाणी उतरताना मागे राहणारा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत लापशी असते. त्यात जुन्या जाळ्यांचे तुकडे आणि गळ असतात. कुत्र्याच्या पंजात शिरलेला गळ ओढून काढता येत नाही, त्याला काटा उलटा असतो. डॉक्टरकडेच न्यावं लागतं.

मोकळं सोडायचं तर कुंपणाच्या आत सोडावं. ताराला मी रोज दुपारी घराच्या आवारात धावू देत असे आणि तिचं धावणं बघण्यासारखं असे. चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटत. त्या आवाराबाहेर तिला मोकळं सोडायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि अंधार पडल्यावर दोघांपैकी कोणालाही अंगणात ठेवायचं नाही हेही. मामा पहिल्याच संध्याकाळी सांगून गेले होते, "दिवस बुडाला की आत घ्या ताई. ऊस तुटाय लागलाय. बिबट्याचं घर मोडलंय, आता त्यो कुठंबी निघंल." उसात बिबट्या राहतो, पिल्लं घालतो. तोड सुरू झाली की एकेक फड उघडा होत जातो आणि तो सरकत जातो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उसाच्या पट्ट्यात कुत्रं हे बिबट्याचं मुख्य अन्न आहे. कोपी घालून राहिलेल्या ऊसतोड मजुरांची कुत्री रात्रभर भुंकत. एखाद्या रात्री ती एकदम गप्प होत. सोन्या मग झोपेतून मान उचलून खिडकीकडे बघे आणि तारा माझ्या पलंगाजवळ येऊन बसे. मी दिवा लावून ठेवत असे.

थंडी म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याचा वैरी. इंदापूरच्या बाजूला जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि फरशी बर्फासारखी होते. सोन्याला सकाळी उठायलाच वेळ लागे. त्याच्या अंथरुणाखाली मी दोन गोणपाटं घातली, वर जुनी गोधडी. उठल्यावर लगेच बाहेर न काढता आधी मागचे पाय कोमट हातांनी चोळायचे, चार पावलं घरातच चालवायची, मग दार उघडायचं. डॉक्टरांनी दिलेलं औषध जेवणानंतरच. घरात माणसांची दुखण्यावरची गोळी असते आणि मायेपोटी कुणीतरी ती देतं. देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तशीच द्राक्षं. त्या भागात द्राक्षाच्या बागा आहेत आणि शेजारच्या रानातल्या आजी प्रेमाने टोपलीभर घड घेऊन आल्या. सोन्या पुढेच बसला होता. आजींनी त्याच्यासाठी एक घड काढून हात पुढे केला. मी तो वरच्या वर धरला आणि सांगितलं की द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, मूत्रपिंडावर जातात. आजींना ते खरं वाटेना. आयुष्यभर त्यांची कुत्री बागेत फिरली होती. मी वाद घातला नाही. बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनाच आजींशी बोलायला सांगितलं. डॉक्टरांचं ऐकल्यावर आजींनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या कुत्र्यालाही बागेच्या बाहेर बांधायला सुरुवात केली. त्या बदल्यात त्यांनी मला हुरडा खायला बोलावलं. शेकोटीशी बसून गरम हुरडा, दही, लसणाची चटणी. सोन्या गोवऱ्यांच्या उबेला पसरला होता आणि तारा त्याच्या पाठीला पाठ लावून.

दुपार मात्र पूर्णपणे सोन्याची असे. ऊन वर आलं की तो आपणहून होड्यांच्या धक्क्याकडे वळे. तिथे जाळी वाळत घातलेली असत आणि त्या मावशी आणि त्यांचे यजमान जाळ्याची भोकं सांधत बसलेले असत. ही भोई मंडळी. धरण झालं तेव्हापासून त्यांचं पोट या पाण्यावर आहे. पूर्वी कटला, रोहू, वाम भरपूर मिळत, आता जाळ्यात बहुतेक चिलापीच येते, असं ते सांगत. सोन्या त्यांच्यापासून दोन हातांवर बसे. दोर ओढायला सुरुवात झाली की उभा राहून शेपटी हलवी. एकदा दोराचं टोक पाण्यात सुटलं. माझ्या हातात त्याची लांब दोरी होती, काठ स्वच्छ होता, जवळपास एकही पक्षी नव्हता. मी दोरी सैल सोडली. तो छातीभर पाण्यात गेला, टोक तोंडात धरलं आणि घेऊन आला. यजमानांनी ते त्याच्या तोंडातून अलगद घेतलं आणि "शाब्बास रं पठ्ठ्या" म्हणाले. मी त्याला लगेच कोरडं पुसलं, उन्हात बसवलं. संध्याकाळी तो लंगडेल अशी मला धास्ती होती. लंगडला नाही.

वहिनी आणि त्यांचे यजमान संक्रांतीनंतर आले. सोन्या दारातच बसून भुंकत राहिला, ताराने अंगणाला फेऱ्या घातल्या. मी बॅग भरून ठेवली होती. मालक आल्यावर फार वेळ रेंगाळू नये, हा माझा नियम आहे. कुत्र्याला आपल्या माणसांकडे पूर्ण परत जाऊ द्यायचं असतं. वहीत मी रोजच्या नोंदी लिहिल्या होत्या. औषधं, भूक, चाल, आणि शेवटी एक पान काठाचं : कुठे गाळ खोल आहे, कुठे जाळी पडली आहेत, कुठल्या वळणापुढे पट्टकदंब बसतात आणि तिथून मागे कुठे फिरायचं. ते पान आता त्या घरी भिंतीवर लावलं आहे, तिकिटाच्या शेजारी. नंतरच्या हिवाळ्यातही मला तिथे बोलावणं आलं आणि मी गेले.

हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन तळ्याकाठी जरूर जावं. उजनीवर, नांदूर मधमेश्वरला, जायकवाडीच्या काठावर, कुठेही. त्याच्या पायाने चाललं तर आपल्याला दुप्पट दिसतं. फक्त बारा-पंधरा फुटांची मजबूत दोरी न्यावी आणि ती हातातून सोडू नये. अभयारण्यात कुत्रा नेण्याबद्दल जो नियम असेल तो आधी विचारून पाळावा. थव्यात पहिली मान वर आली की तिथूनच वळावं. सोबत कोणी कुत्रा सोडत असेल तर न संकोचता सांगावं. दहांतला एक ऐकतो, तेवढंही पुरतं. पट्टकदंब साधारण मार्चपर्यंत इथे असतात.